चौथ्या नंबरचे सर

आमच्या सरांना काढायचं ठरलं ते आमच्याच हॉलमध्ये, रविवारी सकाळी, सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या असताना. बाबा बास्केटबॉल मंडळाचे सचिव, म्हणून बैठका आमच्याकडे व्हायच्या आणि पोहे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे यायचं. मीही मंडळाच्या मुलींच्या संघात होते, पण मला पाहून कुणी आवाज कमी केला नाही. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला ऐकूही येत नसावं असा लोकांचा समज असतो. तो मी कधी दूर केला नाही. त्याचा उपयोग होतो.

तक्रार एकच होती आणि ती खरी होती. सर आल्यापासून आमचा मुलींचा संघ जिल्ह्यात आणि विभागात कुणाकडून हरला नव्हता. राज्य स्पर्धेतले साखळी सामनेही आम्ही सहज काढायचो. मग सेमीफायनल हरायचो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरासाठी सामना असायचा, तोही हरायचो. सलग तिसऱ्या वर्षी आम्ही चौथे आलो होतो. पहिल्या तिघांच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत किंमत असते, चौथ्याच्या कागदाला नसते. त्या एका नंबरामुळे त्या सकाळी आमच्या सोफ्याच्या हातांवरही माणसं बसली होती.

"माणूस चांगलाच आहे हो," कॅप्टनची आई म्हणाली. "पण चांगुलपणा पोरीच्या फायलीला जोडता येतो का?"

एका मुलीचे वडील जरा अडखळत म्हणाले की सर येण्याआधी आपण विभागातला पहिलाच सामना हरून जेवायच्या वेळेला घरी परत यायचो, तेही आठवावं. त्यावर कुणीतरी विचारलं, म्हणून काय जन्मभर ओवाळत बसायचं? ते पोह्यातले शेंगदाणे वेचू लागले.

मग बाकीचं बाहेर पडलं. सर मैदानावर ओरडतात. पंचांशी वाद घालायची वेळ आली तर इंग्रजीची दोन वाक्यं जुळत नाहीत. राज्य स्पर्धेला इतर जिल्ह्यांचे कोच ट्रॅकसूट घालून येतात आणि आपले सर इस्त्रीच्या पँटवर चपला घालून उभे असतात. एक जण म्हणाले, देवगाव रंगारीच्या माणसानं इथवर आणलं हेच खूप झालं, पुढचं काम पुण्याच्या माणसाचं. सगळे हसले. बाबाही हसले. बाबांचं स्वतःचं गाव देवगावच्या थोडं अलीकडे आहे, पण ते सांगायची वेळ आता येत नाही.

आम्ही का हरतो, हे त्या खोलीत एकालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तीन वर्षं बेंचवर बसल्यावर ते कळतंच.

सर बाद फेरीत खेळाडू बदलायचे नाहीत. बास्केटबॉलमध्ये हव्या तितक्या वेळा बदल करता येतात, संघात बारा जणी असतात त्या त्यासाठीच. साखळीत सर आम्हाला आलटून पालटून उतरवायचे. पण सेमीफायनल आली की पाच जणी ठरायच्या, आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याच पाच. एखादी फाउल होऊन बाहेर गेली तरच सहावी आत जायची. सहावी मी होते. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही पुढे असायचो. चौथ्यात आमच्या मुलींची उडी बोटभर कमी पडायला लागायची, बोर्डावरून परतलेला चेंडू समोरच्यांच्या हातात जायचा, आणि समोरून ताज्या दमाची कुणीतरी जॅकेट काढून आत यायची. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबराच्या सामन्याला तर आमच्या पाच जणी सुरुवातीपासूनच पाय ओढत खेळायच्या.

मला सर आवडायचे नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. संघात आले त्या दिवशी त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि घाबरून मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. मॅडम, घाम आला का? मॅडम, पोरीच्या अंगावर जावा, ती काय चावती व्हय? बाकीच्या हसायच्या. हळूहळू त्याही मॅडम म्हणू लागल्या. मी चेंडू चुकवला की ते मॅडम जास्त लांबायचं. मी उत्तर द्यायचे नाही. मनात मात्र पुष्कळ द्यायचे, आणि तीही इंग्रजीत.

त्या तिसऱ्या वर्षीच्या सेमीफायनलला चौथ्या क्वार्टरमध्ये आमची फॉरवर्ड खेळ थांबला की गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहत होती. ती फुलंब्रीहून रोज एसटीनं सरावाला यायची. तिचे काका अजून मेंढरं घेऊन फिरतात, वडील मजुरीला जातात. सरांनी तिला एका शाळेच्या खो-खोच्या संघातून उचललं होतं. आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू ती होती, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण त्या वेळी तिच्यात काही उरलं नव्हतं. तिनं जिला अडवायचं, ती समोरच्या संघातली मुलगी तिला मागे टाकून सरळ बास्केटखाली जात होती. मी उठले आणि जॅकेटची चेन उघडली. सरांनी मान तिरकी करून पाहिलं.

"बसा मॅडम. गार हवा लागंल."

मी बसले. आम्ही हरलो.

संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेत, वर्गात गाद्या घातलेल्या होत्या तिथं, कॅप्टननं धीर करून सरांना विचारलं की बदल का नाही केला. मला वाटलं ते चिडतील. चिडले नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी जेवत्या माणसाला ताटावरनं उठवीत नाय. दारात तहसीलदार आला तरी नाय. जिला मी बसवली, तिला साऱ्या जगादेखत ऊठ म्हणू? तिनं काय पाप केलं?"

फॉरवर्डच्या डोळ्यांत पाणी आलं. एक-दोघींनी माना डोलावल्या. मी पाण्याची बाटली घेतली आणि ती भरलेली असताना भरायला बाहेर गेले. हरल्याचा राग आला नव्हता इतका त्या वाक्याचा आला. कारण ते बोलताना सर स्वतःवर खूश होते. मैदानाची पंगत करून ठेवली होती त्यांनी. पाच जणी जेवायला बसलेल्या, आणि आम्ही सात जणी हात धुऊन दाराशी उभ्या. दुसरी पंगत बसेल म्हणून आम्ही तीन वर्षं उभ्या होतो. ज्यांना वाढलं, त्यांच्या मानाची इतकी काळजी. आणि उठवलं नाही म्हणून त्या पाच जणी शेवटी भरल्या ताटासमोर कोसळायच्या, तेही दिसायचं नाही.

तर त्या रविवारी मी पोह्यांच्या बश्या गोळा करत होते तेव्हा कॅप्टनच्या आईनं, म्हणजे काकूंनी, मला थांबवलं. तुम्हा मुलींचं काय मत, असं त्यांनी विचारलं, जसं पाहुण्यांसमोर लहान मुलाला विचारतात तसं.

"बदलायला हवेत," मी म्हणाले.

"पाहा," काकू सगळ्यांना म्हणाल्या. "ही बोलली म्हणजे विचार करा."

कारण कुणी विचारलं नाही. त्यांना कारण नकोच होतं, एक मत हवं होतं. मी बश्या घेऊन आत गेले.

आता प्रश्न होता सांगायचं कुणी. ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता ते सगळ्यात आधी मोबाईलमध्ये बघायला लागले. सर प्रत्येकाच्या घरी जेवून गेलेले. एकीचा हात मोडला तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन तेच बसले होते, आईवडील पोचेपर्यंत. तोंडावर कसं सांगणार? मग बाबांनीच तोडगा काढला आणि तो सगळ्यांना एकदम पसंत पडला. सरांचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. आणि त्याच भाषणात जाहीर करायचं की सर आता मंडळाचे प्रमुख मार्गदर्शक. प्रमुख मार्गदर्शकाला मैदानावर यायची गरज नसते. माणसाला काढायचं आणि फोटोत त्याच्या गळ्यात हार असायचा. आपल्याकडे हे फार सफाईनं जमतं. कितीतरी भिंतींवर असे फोटो आहेत.

पुण्याचा एक तरुण कोच आधीच बघून ठेवला होता. सत्कारालाच त्याला बोलावलं, म्हणजे सरांच्या हातून त्याला शिट्टी देतानाचा फोटो निघेल.

शहरातल्या छावणी भागाजवळच्या एका छोट्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. सरांना बुफे आवडत नाही, उभ्यानं खाणं त्यांना पटत नाही, म्हणून मुद्दाम टेबलांची पंगत मांडली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मठ्ठा. सरांच्या आवडीचं सगळं. काकूंनी हे मला इतक्या अभिमानानं सांगितलं की मला क्षणभर त्यांच्याकडे बघवेना.

सर नवा शर्ट घालून आले. चपलांऐवजी बूट होते. कुणीतरी सांगितलं असावं किंवा त्यांचं त्यांनाच वाटलं असावं. त्यांना वाटत होतं की विभागातल्या विजयाचा सत्कार आहे. बाबांनी भाषण केलं. सरांचं योगदान शब्दांत मावणार नाही, या शहराच्या मुलींना त्यांनी उभं केलं, वगैरे. मी वाट पाहत होते. बाबा त्या वाक्यापर्यंत आले, सरांकडे पाहिलं, सर मान खाली घालून ऐकत होते, आणि बाबा म्हणाले, "सरांचं मार्गदर्शन आपल्याला यापुढेही मिळत राहील. आता भोजनाचा आस्वाद घ्यावा." बसले. मंचावरच्या कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

नवा कोच कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसला होता. त्याला परतीची गाडी पकडायची होती. सर पंगतीत बसले, फॉरवर्ड त्यांच्या शेजारी. मी वाढायला होते. वाढणाऱ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून ते काम मला बरं वाटतं. सरांनी बट्टी कुस्करली, त्यावर तूप घेतलं, आणि तेवढ्यात बाबा माझ्यामागे येऊन पुटपुटले की सरांना फोटोसाठी मागच्या खोलीत बोलाव, दोनच मिनिटं, तुझं ऐकतील.

"त्यांना माहीत आहे का?" मी विचारलं.

"तिथं गेल्यावर सांगतो ना."

बाबा चांगले आहेत. मला त्यांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

मी वरणाची बादली घेऊन सरांसमोर गेले. मराठी बोलताना मी अडखळते, घाबरले की जास्तच. पण ते वाक्य मी बादली उचलल्यापासून जुळवत होते.

"सर, मागं नवे कोच आलेत. तुमच्या जागी. शिट्टी देतानाचा फोटो काढायचाय, म्हणून बोलावलंय."

सरांचा हात ताटातच राहिला. फॉरवर्डनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही.

"हे तुला तुझ्या बापानं सांगायला लावलं?" सर म्हणाले.

"फोटोला बोलाव एवढंच म्हणाले. बाकीचं मी सांगतेय."

"तुला बरं वाटलं असंल."

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. "तुम्ही कुणाला तरी उठवायला पाहिजे होतं, सर."

"तुला बसवायला?"

"मला नाही तर कुणालाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात माया नव्हती आणि पश्चात्तापही नव्हता. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"वाढ."

मी वाढलं. ते खायला लागले. घाई न करता, बट्टी नीट चुरून, वरण मुरू देत. बाबा हसत हसत आले आणि म्हणाले सर, दोन मिनिटं, फोटो काढून परत निवांत बसा. सर मान वर न करता म्हणाले, "जेवतोय." बाबा तिथंच उभे राहिले. जेवत्या माणसाचा दंड धरून त्याला कसं उठवणार, तेही शाल अंगावर असताना, सगळ्यांसमोर? मग काकू आल्या. मग अजून दोघं. मागच्या खोलीच्या दारात नवा कोच घड्याळ बघत येऊन उभा राहिला. पंगतीतल्या बाकीच्यांचं आटोपत आलं, काही उठून हातही धुऊन आले, पण सरांचं ताट सारखं भरत होतं, कारण त्यांनी वाढ म्हटलं की मी वाढत होते.

"आता नको वाढूस," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या.

मी अजून एक बट्टी ठेवली. सरांवर प्रेम उतू चाललं होतं असं नाही. ते जायलाच हवे होते असं मला त्या क्षणीही वाटत होतं. पण ज्यांना एक वाक्य तोंडावर बोलता आलं नव्हतं, त्यांना थोडं ताटकळत उभं राहू दे, एवढंच. मी तीन वर्षं राहिले होते.

नवा कोच शेवटी रिक्षा बोलावून गेला. फोटो निघाला नाही. त्यानंतर सरांनी ताटातच हात धुतला, शाल घडी करून टेबलावर ठेवली, मानचिन्ह फॉरवर्डच्या हातात दिलं आणि बाहेर पडले. तिनं ते काय केलं मला माहीत नाही.

बाबा माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. संघातल्या मुली त्याहून कमी.

नवा कोच चांगला निघाला. मला मॅडम म्हणाला नाही, माझ्या नावानंच हाक मारायचा. त्याच्याकडे प्रत्येकीच्या खेळायच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या आणि बाद फेरीतही त्या तशाच राहायच्या. विभाग आम्ही जिंकलो, पूर्वीसारखाच. राज्य स्पर्धेच्या सेमीफायनलला दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं फॉरवर्डला बाहेर बोलावलं आणि मला आत जायला सांगितलं. तेव्हा ती जोरात होती. लागोपाठ दोन बास्केट केले होते. बाजूच्या रेषेवर आम्ही एकमेकींना ओलांडलं तेव्हा तिनं टाळी दिली नाही.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "तुमच्याच घरी शिजलंय."

त्या दिवशी चौथ्या क्वार्टरमध्येही आमच्या सगळ्यांच्या पायांत दम होता आणि आम्ही तरीही हरलो. समोरच्या सरळ आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, कदाचित दर वर्षीच होत्या. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबराच्या सामन्यात समोरच्या मुली थकलेल्या होत्या आणि आम्ही नव्हतो. आम्ही जिंकलो. प्रमाणपत्रं आली. आमच्या हॉलमध्ये पुन्हा पोहे झाले आणि काकूंनी सगळ्यांना सांगितलं की निर्णय योग्य होता. योग्यच होता. मी बश्या गोळा केल्या.

सर आधीपासून छावणीतल्या एका शाळेत शिकवायचे, तिथं ते अजून शिकवतात. काही दिवसांनी बाजारात भाजीच्या गाड्यावर ते अचानक समोर आले, पायात पुन्हा चपला. मला वळून जाता आलं असतं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"तिसरा आला म्हणं," ते म्हणाले.

"हो सर."

"तू उतरलीस?"

"दोन्ही सामन्यांत."

"कुणाला उठवून?"

मला अंदाज होता की ते हेच विचारतील. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू एखादं नुकसान ऐकलं.

"तिचं पोट भरलं नव्हतं," ते म्हणाले.

"माझंही नव्हतं, सर."

भाजीवाल्यानं त्यांना कोथिंबिरीची जुडी दिली. त्यांनी ती पिशवीत टोमॅटोंच्या वर, चुरगळणार नाही अशी नीट लावली, मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. अभिनंदन त्यांनी केलं नाही. मीही थांबले नाही.